चार सेकंदांत उठणारं मशीन

मेंढीचा डावा कान. टोकाला खाच, मधोमध भोक: कळपाची खूण.

एक मिनिट बावन्न सेकंद.

येलदरीच्या धरणावर पाण्यातून वीज काढतात. तिथून नऊ किलोमीटरवरच्या वस्तीवर दुपारी बारा ते चार लाइट नसते.

"ए!" "व्हय." "न्हाई." "पाणी." "कूस बदल." "भागू, दार लाव, धूळ यायलीय."

[ ] छपाईयंत्र
[ ] वायफाय
[ ] कॅमेरा
[*] बटण, एक

उजव्या हाताचा अंगठा.

*

यातला अंगठा सटवाजीचा होता, आणि तो मंगळवारी सकाळी थांबला.

बाकीचं अंग आधीच थांबलं होतं. दीड वर्षामागं हातातली काठी निसटायला लागली, मग पाय गेले, मग जीभ. आजाराचं नाव लांबलचक होतं. वस्तीवर सगळे "वाळायचं दुखणं" म्हणायचे. पन्नास वर्षं मेंढरांमागं चाललेला माणूस पत्र्याच्या घरात खाटेवर उताणा पडला होता आणि त्याच्या सांगण्यावरून हलेल असं एकच बोट उरलं होतं. त्या अंगठ्याखाली त्याच्या मुलानं, मल्हारनं, बटण बांधलं होतं. बटणाची वायर उशाजवळच्या मशीनमध्ये जायची.

मशीन म्हणजे कुठल्याशा बंद ऑफिसातून भंगारात निघालेला, जेवणाच्या डब्याएवढा जुना संगणक. सटवाजीला अक्षरओळख नव्हती, म्हणून मशीनला पडदा नव्हता. त्यात होता सटवाजीचाच आवाज. मागच्या डिसेंबरात जीभ जड व्हायला लागली तेव्हा मल्हार पुण्याची नोकरी सोडून आला आणि बापाच्या तोंडाशी मोबाईल धरून आठ दिवस बसला. चौसष्ट आवाज जमवले. त्यातले अकरा मेंढरांना मारायच्या हाकांचे. त्या हाकांसाठी बापाला टेम्पोत घालून, त्याचा कळप आता सांभाळणाऱ्या आदिनाथकाकापर्यंत न्यावं लागलं, कारण मेंढरं समोर असल्याशिवाय सटवाजीला हाक फुटेना.

मशीन हे आवाज एकामागून एक त्याच्या कानात हळू म्हणून दाखवायचं. हवा तो आला की सटवाजी अंगठा दाबायचा, आणि तोच आवाज घरभर मोठ्यानं व्हायचा. भागुबाई परसात कापसाची पळाटी मोडत असली तरी "पाणी" ऐकून धावत यायची. नवरा बोलतोय असंच तिला वाटायचं. बोलतच होता की.

चौसष्टावी हाक कळप बसवायची. जीभ टाळूला लावून लांब "ट्र्र्र्र", आणि मग खालच्या आवाजात, "बस... बस... बस."

पिकं निघालेल्या रानात शेतकरी खतासाठी कळप बसवून घेतात. सांजेला ती हाक दिली, मेंढरं गुडघे मोडून बसली, की मग काही झालं तरी उजाडेपर्यंत कळप हलवायचा नाही, असा सटवाजीचा रिवाज होता. एकदा चारठाण्याच्या अंगाला शेजारच्या रानाचा मालक दिवेलागणीला पळत आला. म्हणाला, "पाटील, माज्या रानात आना, दुप्पट ज्वारी देतो." सटवाजी कांबळं अंथरत म्हणाला, "हाक गेली." तो गयावया करत राहिला. तेवढ्यात वळीव आला. भागुबाई म्हणाली, वरच्या माळावर जाऊ, इथं चिखल होईल. तिलाही तेच उत्तर. हाक गेली.

*

एक मिनिट बावन्न सेकंद हे मशीनचं. बंद झालं की पुन्हा उठून बोलायला त्याला तेवढा वेळ लागायचा.

आणि बंद तर ते सारखंच व्हायचं. लाइट गेली की मशीन ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर पलटायचं, आली की परत लाइटीवर, आणि दर पलटीच्या झटक्यानं विझून नव्यानं चालू व्हायचं. मार्चमध्ये एका दुपारी असंच झालं. लाइट आली, मशीन विझलं, आणि नेमका तेव्हाच सटवाजीच्या घशात बेडका अडकला. अंगठा बटण दाबत राहिला. मशीन उठत होतं. भागुबाई सहज म्हणून तांब्या ठेवायला आत आली तेव्हा नवरा निळा पडला होता.

त्या दिवसापासून मल्हारला दुसरं काही सुचेना. एका श्वासात उठलं पाहिजे. मशीन एका श्वासात उठलं पाहिजे.

संगणक चालू होताना सगळ्यांत आधी जागा होतो तो कर्नल. बाकीच्यांना उठवायचं, कामाला लावायचं, हे त्याचं काम. पण तो कुठल्याही मशीनवर चालावा म्हणून त्याच्या पोटात जगभरच्या हजारो यंत्रांची ओळख भरलेली असते. उठल्याबरोबर तो अंधारात हाका मारत सुटतो: छपाईयंत्र आहे का? टीव्ही आहे का? चार प्रकारची नेटवर्क-कार्डं, कुणी आहे का? कुणी नसतं. तो उत्तराची वाट बघतो. एक मिनिट बावन्न सेकंद त्या वाट बघण्यातच जायची.

पण मशीन कोणतं, त्यात काय काय बसवलंय, हे आपल्याला पक्कं ठाऊक असेल, तर कर्नल मुळातूनच त्या एका मशीनपुरता बांधता येतो. मूळ मजकूर घ्यायचा, यादीतल्या नको त्या ओळखींपुढची खूण काढायची, आणि उरलेलं कंपाइल करायचं, म्हणजे त्या एका प्रोसेसरला कळेल अशा भाषेत उतरवायचं. मग त्याला विचारायची गरजच राहत नाही. त्याला ठाऊक असतं.

मल्हारनं हे पुण्यात पगार घेऊन केलं होतं. पण करताना त्याला आठवायचा तो बाप. दिवाळीनंतर कळप घाटाखाली न्यायच्या आधी सटवाजी मेंढवाड्याच्या दारात उभा राहायचा आणि एकेक मेंढरू बघून बाजूला काढायचा. लंगडं, म्हातारं, गाभणं. एवढा पल्ला जे चालणार नाही ते आत्ताच बाजूला. तसंच मल्हारनं चालवलं होतं.

बबलू आला तेव्हा मल्हारच्या या कापाकापीचा तिसरा दिवस होता. बबलू त्याचा मावसभाऊ. जिंतूरला बस स्टँडमागं मोबाईल दुरुस्तीचं दुकान.

"काय करायलास रं मल्ल्या?"

"कापायलोय."

"परवापस्नं नुस्तं कापायलास. बांधनार कवा?"

"कापूनच बांधायचंय."

बबलूनं पिशवीतून एक वेबकॅम काढला. "हे घे. दुकानात पडून हुता. लावून ठिव, कदी कामाला यील."

"नको. त्याची ओळख ठेवायची म्हणजे यूएसबीची पण ठेवावी लागती. पाव सेकंद खातंय."

"पाव सेकंद! आन वाचलेल्या पाव सेकंदाचं तू काय करनार, लोनचं घालनार?"

मल्हार हसला नाही. "मला माझं हार्डवेअर ठाऊक हाय," म्हणाला. "एक बटण, एक स्पीकर. बाकी सगळं फिजूल."

वेबकॅम तरी बबलूनं मशीनच्या डोक्यावर चिकटवलाच. वायर गुंडाळलेली. भागुबाई रोज देवाबरोबर त्याचीही धूळ पुसायची.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मशीन चार सेकंदांत उठायला लागलं. मल्हारनं लाइटीचं बटण वीसदा चालू-बंद करून मोजलं. चार. चार. चार. सटवाजीनं अंगठा दाबला आणि मशीन म्हणालं, "शाबास रं वाघा." हा आवाज खरं तर कुत्र्यासाठी भरलेला होता.

*

मंगळवारी अंगठा थांबला.

मल्हारनं बटण काढून दुसऱ्या हाताखाली लावलं. मग पायाच्या अंगठ्याशी. मग जबड्याला. मग भुवईला चिकटपट्टीनं. मशीन बिचारं कानात आवाज फिरवत राहिलं. "व्हय." "न्हाई." "पाणी." कुणी दाबेना.

परभणीला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तपासून बाहेर आल्या आणि उभ्यानंच बोलल्या. श्वास कमी पडायलाय. आता दोनच गोष्टी. गळ्याला भोक पाडून श्वासाचं यंत्र लावायचं, आणि ते मग कायमचं, यातून कधीच निघणार नाही. नाहीतर न लावता घरी ठेवायचं, त्रास होऊ नये एवढं औषध मी देते.

"भोक पाडा," भागुबाई म्हणाली. "माणूस तर ऱ्हाईल."

"त्यांचं त्यांना विचारा, मावशी. डोकं शाबूत आहे त्यांचं. पण गुरुवारच्या संध्याकाळपर्यंत. त्यानंतर गुंगी चढेल, मग विचारून उपयोग नाही."

भागुबाईनं तिथंच विचारलं. खाली वाकून, नवऱ्याच्या तोंडाशी तोंड नेऊन. "व्हय असंल तर एकडाव डोळं मिटा. न्हाई असंल तर दोनदा."

सटवाजीनं डोळे मिटले आणि ती बाजूला होईपर्यंत उघडलेच नाहीत.

घरी आल्यावर तिनं परत विचारलं. परत तेच. मल्हारनं विचारलं. तेच. उभ्या जन्मात सटवाजीनं व्हय-न्हाईत उत्तर म्हणून दिलं नव्हतं. कळप इकून टाकू का? आकाशाकडं बघायचा. पोराला पुण्याला धाडू का? मेंढराच्या पायातला काटा काढत बसायचा आणि तासाभरानं तिसरंच काही बोलायचा, आणि त्यात उत्तर असायचं.

पण बाजूला झाल्यावर डोळे उघडायचे. पत्र्याकडं बघायचे, दाराकडं, मशीनकडं. मशीनकडं बराच वेळ. मग मल्हारनं त्या नजरेमागं पाहिलं. मशीनच्या डोक्यावर वेबकॅम होता. गुंडाळलेल्या वायरीचा.

त्यानं वायर सोडून जोडली. काहीच झालं नाही. कसं होणार? या कर्नलला कॅमेरा नावाची वस्तू जगात असते हेच ठाऊक नव्हतं. आणि जुना, सगळ्यांना ओळखणारा कर्नल मल्हारनं जागा खातो म्हणून पुसून टाकला होता.

*

बुधवारी सकाळी लॅपटॉप पाठीला लावून तो मोटारसायकलवर जिंतूरला गेला. लॅपटॉपची बॅटरी मेलेली. लाइट असेल तिथंच चालायचा, आणि बबलूच्या दुकानात इन्व्हर्टर होतं. बबलूच्या काउंटरमागं बसून यादी उघडली.

[*] बटण, एक
[*] यूएसबी
[*] कॅमेरा

अर्ध्या तासात कंपाइल झालं. परत आला, घातलं, चालू केलं. सहा सेकंद. "ए!" मशीन म्हणालं. कॅमेऱ्याचा दिवा लागला नाही. वायर काढून दुसऱ्या खाचेत घातली. तिसऱ्या. दिवा नाही. परत जिंतूर. परत कंपाइल. परत घर. दिवा नाही.

"काय म्हनतंय?" भागुबाई दारातून विचारायची.

"थांब, माय."

"त्यो थांबनार हाय का?"

गुरुवारी सकाळी तो बबलूसमोर जवळजवळ ओरडला. "माझ्या वहीत लिहिलंय मशीनच्या बोर्डवर यूएसबीची कोणती चिप हाय! तीच टाकलीय! मला ठाऊक हाय हे मशीन!"

बबलू एका बाईच्या मोबाईलची चार्जिंगची पिन बसवत होता. मान वर न करता म्हणाला, "मे म्हैन्यात बोर्ड जळलं हुतं न्हवं का? मीच दुसरं देलं. सेम टू सेम."

मल्हारनं वही मिटली.

"वरून सेम," बबलू म्हणाला. आता त्याचा हात थांबला होता. "आतलं कुनी बगितलं? तवा यूएसबी कुटं लागत हुती तुला."

मशीनच्या पोटात मे महिन्यापासून दुसरंच काही होतं आणि चार सेकंदांत उठतंय म्हणून कुणाला कळलं नव्हतं. ते उघडून चिपवरचं नाव वाचायचं म्हणजे वीस किलोमीटर जाऊन परत यायचं. तेवढा वेळ नव्हता. चिपा तरी किती प्रकारच्या असतात? मल्हारनं यादी उघडली आणि त्या पानावर होतं ते सगळं आत घेतलं. मग पुढचं पान. मग मागचं. नको ते, माहीत नसलेलं, लंगडं, म्हातारं, गाभणं.

[*]
[*]
[*]
[*] ठाऊक नाही
[*]

"किती येळ?" बबलूनं विचारलं.

"दोन तास. जास्तच."

"बारा वाजता लाइट जाती."

"तुझं इन्व्हर्टर?"

"धरंल. धरंल का?" बबलूनं पंखा बंद केला. दिवे बंद केले. चार्जिंगला लावलेले गिऱ्हाइकांचे नऊ मोबाईल एकेक करून काढले. पिनवाली बाई म्हणाली, "माजा कामून काढायलास? मला फोन यायचाय." "मावशी," बबलू म्हणाला, "आमच्या काकाचा फोन यायचाय." तिनं चार्जरची वायर स्वतःच गुंडाळून दिली.

ओळी पळत होत्या. मल्हार दुसऱ्या खिडकीत डोळ्याचा प्रोग्रॅम लिहीत होता. फार काही लागणार नव्हतं. बापाची मान हलत नव्हती, म्हणजे डोळा कायम एकाच जागी असणार. तेवढ्या चौकोनात बुबुळाचा काळा दिसला की उघडा. अर्धा सेकंद दिसला नाही की मिटला, म्हणजे बटण दाबलं. बस्स. हेही एकाच माणसापुरतं. ज्या माणसाचं सगळं ठाऊक आहे अशा एकाच माणसापुरतं.

एक वाजून चाळीस मिनिटांनी इन्व्हर्टर ओरडायला लागलं. एक पन्नासला कंपाइल संपलं.

*

घरात शिरला तेव्हा भागुबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"सकाळपस्नं पेंगायलेत," ती म्हणाली. "हाक मारली का बगतेत. मग परत जातेत."

सटवाजीचे ओठ करड्या रंगाचे झाले होते. डोळे अर्धे उघडे. मल्हारनं मशीन बॅटरीवर लावलं, कर्नल घातला, बटण दाबलं आणि मोजायला लागला. चार. पाच. कर्नल अंधारात हाका मारत होता: कोण आहे? कोण आहे? आठ. नऊ. अकराव्या सेकंदाला कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला.

मल्हारच्या तोंडून आवाज निघाला, तो रडण्याचा की कशाचा ते त्यालाही कळलं नाही. त्यानं लॅपटॉप ट्रॅक्टरच्या बॅटरीला कसाबसा जोडून चौकोन डाव्या डोळ्यावर बसवला. भागुबाईला मांडी काढायला लावली, उशी दिली, डोकं सरळ केलं.

"आबा. डोळ्यानं दाबायचं. हवं ते आलं की डोळा मिटा. कोणी काही विचारत न्हाई. तुमाला बोलायचं ते बोला."

सटवाजीचा डोळा मोठा झाला. झालाच. भागुबाईनंही पाहिलं.

मशीन कानात म्हणू लागलं. "ए!" गेलं. "व्हय." गेलं. भागुबाईनं पदर तोंडात धरला. "न्हाई." तेही गेलं. "पाणी", "कूस बदल", सगळे गेले. डोळा उघडा. अकराच्या अकरा हाका गेल्या. चौसष्ट संपले. मशीन पुन्हा पहिल्यावर आलं.

"त्येंला ऐकू येतंय का?"

"येतंय, माय."

दुसरी फेरी. "व्हय" गेलं. "न्हाई" गेलं. डोळ्याची पापणी आता जड होत होती. चौकोनातला काळा कमी कमी होत होता. "आबा," मल्हार म्हणाला, "आबा, थोडंच." चाळीस. पन्नास. अकरा हाका सुरू झाल्या. पाण्यावर न्यायची. रस्ता ओलांडायची. मागं राहिलेल्याला बोलवायची.

चौसष्टाव्याला डोळा मिटला.

"ट्र्र्र्र," सटवाजीचा आवाज पत्र्यावर आदळला. "बस... बस... बस."

अंगणात दोन मेंढ्या बांधलेल्या होत्या, डाव्या कानाला खाच आणि भोक, आदिनाथकाकानं दुधासाठी ठेवलेल्या. भर दुपारचे तीन वाजले होते. दोघींनी गुडघे मोडले आणि त्या खाली बसल्या.

भागुबाईनं तोंडातला पदर काढला. त्यानं नवऱ्याचं तोंड पुसलं. मग फोन उचलून मल्हारच्या हातात दिला.

"बाईंला सांग, भोक नगं."

"माय, थांब."

"काय थांब? हाक गेली."

"माय, अगं—"

"ट्र्र्र्र. बस... बस... बस."

डोळा उघडला नव्हता. मिटलेलाच होता, म्हणून प्रोग्रॅमला वाटलं की बटण परत दाबलं. त्यात उघडायची वाट बघणारी ओळ मल्हारनं घातलीच नव्हती. इतक्या घाईत राहून गेली.

मिटलेला डोळा आणि मिटवलेला डोळा, चौकोनाला दोन्ही सारखेच. काळा दिसत नाही, एवढंच त्याला कळतं. चौसष्टाव्यालाच बापानं डोळा मिटवला, की चौसष्टाव्यापर्यंत येता येता गुंगीनं तो मिटला, हे सांगणारं त्या घरात काही नव्हतं. मल्हारला हे ठाऊक होतं. आईला नव्हतं. ती नवऱ्याच्या पायांवर कांबळं नीट करत होती, कळप बसल्यावर करायची तसं.

"आबा," मल्हार खाटेशी गुडघे टेकून म्हणाला. "आबा, एकदा उघडा. फकत एकदा. उघडून परत मिटा. म्हणजे मला कळंल. आबा."

छाती हलत होती.

"ट्र्र्र्र. बस... बस... बस."

"उघडा ना, आबा."

"बस... बस..."

डिसेंबरात, पहिल्याच भेटीत, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की या आजारात सगळ्यांत शेवटपर्यंत डोळे राहतात, आणि मल्हारनं ते वहीत लिहून घेतलं होतं.